हौसेच्या ओबिडियन्ससाठी टेरियर: कुठला घ्यावा, कुठला टाळावा

एचएमव्हीच्या तबकडीवरचा कुत्रा आपल्याकडे आजोबांच्या पिढीपासून ओळखीचा. कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला, धन्याचा आवाज कान देऊन ऐकणारा. आज्ञाधारकपणाचं याहून प्रसिद्ध चित्र सापडणं अवघड. हा निपर म्हणजे मिश्र रक्ताचा टेरियर. जन्म 1884 चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. घरी येणाऱ्यांच्या पोटऱ्यांना मागून हळूच चावे घ्यायची त्याला खोड होती आणि त्यावरूनच त्याचं नाव पडलं, असं सांगतात. टेरियर पाळलेल्या माणसाला यात काहीच विसंगत वाटणार नाही. मन लावून ऐकणं आणि पोटऱ्या पकडणं, दोन्ही त्याला एकाच तासात जमतं.

अशा कुत्र्याला घेऊन ओबिडियन्सच्या मैदानात उतरायचं, हा छंद सगळ्यांसाठी नाही. ज्याला फक्त पदकं हवीत त्यानं सरळ लॅब्रॅडॉर, गोल्डन किंवा जर्मन शेफर्डकडे वळावं. पण काहींचं घर लहान असतं. काहींना आटोपशीर, काटक, डोक्यानं तल्लख कुत्रा हवा असतो. आणि काहींना सांगितलेलं लगेच ऐकणाऱ्या कुत्र्यापेक्षा आधी आपल्याला जोखणारा कुत्रा जास्त आवडतो. मला विचाराल तर टेरियर घ्यायचं हेच खरं कारण. ते तुमच्यात असेल तर पुढचं वाचा.

स्पर्धेत मागतात काय, ते आधी पाहू. डाव्या पायाला लगटून, पट्टा ढिला ठेवून चालणं. वळणावर, थांबल्यावर, आठच्या आकड्यात चालतानाही जागा न सोडणं. अनोळखी परीक्षक अंगावरून हात फिरवत असताना निमूट उभं राहणं. लांबून हाक आली की सरळ येऊन समोर बसणं. सांगितलेल्या जागी बसून किंवा आडवं पडून राहणं. वरच्या पातळीवर डंबेल आणणं, अडथळ्यावरून उडी, आणि सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधून मालकाच्या हाताचा वास असलेली नेमकी ओळखून आणणं. अमेरिकेत 1933 मध्ये हेलन व्हाइटहाउस वॉकर या पूडल पाळणाऱ्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे अशी पहिली चाचणी भरवली. त्यांना दाखवायचं होतं की पूडल नुसता नटवायचा कुत्रा नाही. 1936 पासून अमेरिकन केनेल क्लबनं ती अधिकृत केली. तिथे आजही पहिल्या पदवीसाठी 200 पैकी किमान 170 गुण लागतात, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक, आणि असं तीन वेळा करून दाखवावं लागतं. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न क्लब डॉग शोबरोबर ओबिडियन्सच्याही चाचण्या घेतात. प्रेक्षक कमी असतात, नवख्याला ते बरंच.

आता टेरियरची अडचण कुठे येते ते सांगतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी ओबिडियन्सच्या सुमारे 200 परीक्षकांना विचारून कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली. 1994 च्या त्यांच्या पुस्तकात ती आहे. पहिल्या दहात एकही टेरियर नाही. मिनिएचर श्नाउझर बारावा, एअरडेल एकोणतिसावा, बॉर्डर टेरियर तिसावा, आणि बुल टेरियर पार सहासष्टावा. गंमत अशी की हे कोरेन स्वतः फ्लिंट नावाच्या केर्न टेरियरला घेऊन ओबिडियन्सच्या स्पर्धांत उतरत. त्याच्यावर त्यांनी पुढे एक अख्खं पुस्तक लिहिलं. क्रमवारी लावणाऱ्यानंच ती इतकी मनावर घेतली नाही, तर आपणही फार घेऊ नये. पण तिच्यामागचं कारण मात्र समजून घ्यायला हवं, कारण टेरियरची निवड त्या कारणावरच होते.

मेंढ्यांमागचा कुत्रा धनगराच्या शिट्टीकडे कान लावून काम करतो. शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणणारा कुत्रा बंदुकवाल्याच्या हाताकडे बघत बसतो. टेरियर मात्र जमिनीखाली, अंधारात, एकटा जाणारा. समोर दात विचकून बसलेला कोल्हा किंवा बिज्जू, आणि मालक वर, दहा फूट मातीच्या पलीकडे. तिथे मागे वळून 'आता काय करू?' विचारणारा कुत्रा जगला नसता. म्हणून शेकडो वर्षं माणसानं मुद्दाम असा कुत्रा पैदा केला, जो स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेतो आणि घेतलेला सोडत नाही. त्याला हट्टी म्हणणं म्हणजे आपणच मागवलेल्या मालाबद्दल कुरकुर करणं.

पण सगळे टेरियर बिळात गेले नाहीत, आणि गेलेले सगळे एकटेच राहिले नाहीत. कुणी शिकारी कुत्र्यांच्या टोळीबरोबर घोड्यामागे धावला. कुणी शेतकऱ्याच्या अंगणात गुरं हाकली, उंदीर मारले, राखण केली. जो माणसाच्या नजरेसमोर आणि इतर कुत्र्यांच्या संगतीत काम करत आला, तो मैदानात लवकर शिकतो. जो एकट्यानं आणि जमिनीखाली, तो उशिरा. जात निवडताना हा एक प्रश्न विचारला की अर्धी यादी आपोआप गळते.

या कसोटीवर सगळ्यात वर येतो तो बॉर्डर टेरियर. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या चेव्हियट टेकड्यांतला, वजन 5 ते 7 किलो, चेहरा पाणमांजरासारखा. दिसायला काहीच रुबाब नाही, आणि हीच त्याची नशिबाची गोष्ट, कारण नटवण्याच्या नादात त्याचा स्वभाव कुणी बिघडवला नाही. शिकारीच्या दिवशी तो घोड्यांमागे डोंगर तुडवत जायचा. त्याच्या जातीच्या मानकात आजही घोड्याच्या मागे टिकण्याची क्षमता लिहिलेली आहे. फॉक्सहाउंडच्या टोळीत राहायचं असल्यामुळे भांडखोर बॉर्डर मुळातच कुणी ठेवला नाही. रांगेत दहा अनोळखी कुत्रे बसलेत आणि आपल्याला मधोमध आडवं पडून राहायचंय, हा प्रकार बहुतेक टेरियरांना जड जातो. बॉर्डरला तो त्या मानानं सोपा. एक इशारा मात्र आहे: त्याच्यावर ओरडलात तर तो भांडत नाही, मनातून उतरतो. कोपऱ्यात बसून जमिनीकडे बघतो आणि त्या दिवशीचं काम तिथेच संपतं. जातीत आकडीसारखे झटके येणारा एक आजार आढळतो आणि काही कुत्र्यांना गव्हाचा अंश टाळल्यानं आराम पडतो. तेव्हा पोळीचे तुकडे बक्षीस म्हणून देण्याची आपली सवय इथे सोडलेली बरी.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना मी डोळे झाकून बॉर्डरच सुचवीन. तिथे तो भरपूर मिळतो, चांगले ब्रीडर सापडतात, आणि केनेल क्लबच्या गुड सिटिझन योजनेत, जी 1992 पासून चालू आहे, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या असल्यानं नवख्याला चढायला सोपं जातं. महाराष्ट्रात बॉर्डर शोधण्यात वेळ घालवू नका. मिळालाच तर तो खरंच बॉर्डर आहे का, हा प्रश्न आधी विचारा.

एअरडेल हा टेरियरांमधला थोरला. खांद्याशी 58 ते 61 सेंटिमीटर, वजन वीसच्या पुढे तीसपर्यंत. यॉर्कशरमधल्या एअर नदीच्या खोऱ्यात, गिरणी कामगारांनी ऑटरहाउंडचं रक्त मिसळून तो घडवला. एवढा मोठा कुत्रा बिळात मावणार कुठे? त्यामुळे त्याचं सगळं काम जमिनीवर, माणसाबरोबर झालं. पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी ब्रिटिश सैन्यासाठी निरोपे कुत्रे तयार केले, त्यांत एअरडेल होते. तोफांच्या आवाजात खंदकाखंदकांतून चिठ्ठी पोचवणाऱ्या जातीला मैदानातल्या टाळ्यांचं काय! ओबिडियन्समध्ये त्याच्या उंचीचा मोठा फायदा होतो. डोकं नेमकं तुमच्या हाताशी येतं, वाकावं लागत नाही, जागा चटकन समजते. पण त्याला मोकळी जागा हवी, रोजची रपेट हवी, आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं की तो विनोद करायला लागतो. डंबेल घेऊन तुमच्याकडे येण्याऐवजी सगळ्या मैदानाला दाखवत गोल फिरतो. प्रेक्षक हसले तर दुसरी फेरीही मारतो.

मिनिएचर श्नाउझरबद्दल वाद आहे. अमेरिकेत तो टेरियर गटात बसतो, ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेत बसत नाही. रक्तानं तो ब्रिटिश टेरियरांचा नातेवाईक नाहीच, जर्मन शेतावरचा उंदीरमाऱ्या. काम मात्र टेरियरचंच, आणि तेही अंगणात, माणसांच्या पायांत. आपल्याला वर्गवारीशी काय करायचंय? उंची 30 ते 35 सेंटिमीटर, फ्लॅटमध्ये मावतो, शिकायला तरतरीत, माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची त्याला आपसूक सवय असते. ही सवय ओबिडियन्सचा पाया आहे. बाकीच्या टेरियरांत ती महिनोन् महिने बक्षिसं देऊन रुजवावी लागते. तोंडाळ मात्र भारी. लिफ्टचं दार वाजलं तरी तो सोसायटीला कळवतो. आणि एक गोष्ट लिहून ठेवा: या जातीत रक्तातली चरबी वाढणं आणि स्वादुपिंडाला सूज येणं, हे आजार नेहमी दिसतात. शिकवताना दिवसाला पन्नास तुकडे पोटात जातात, ते चीजचे किंवा तळलेल्या कोंबडीचे असतील तर शिक्षण पूर्ण होण्याआधी डॉक्टर गाठावा लागेल. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, तेही कातडीशिवाय आणि वाटाण्याएवढं. काकडी, गाजर चालतं. मनुका कुठल्याच कुत्र्याला नको.

जॅक रसेलवर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण पुण्या-मुंबईत चौकशी करणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच नाव सुचवलं जातं. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल ऑक्सफर्डला शिकत होते, तेव्हा 1819 मध्ये त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली, तिथून हा वंश सुरू झाला असं मानतात. पाद्रीबुवांना कोल्हा बिळातून बाहेर काढणारा कुत्रा हवा होता, मारून टाकणारा नव्हे. धांदलीत शिकारी कुत्र्यांनी त्यालाच कोल्हा समजू नये म्हणून अंग बरंचसं पांढरं. पुढे उंच पायांचा पार्सन रसेल आणि बुटका जॅक रसेल अशा दोन जाती झाल्या. ब्रिटिश केनेल क्लबनं पार्सनला 1990 मध्ये आणि जॅक रसेलला थेट 2016 मध्ये मान्यता दिली.

जॅक रसेलला शिकवणं म्हणजे काय, हे एका सकाळच्या तासातलं सांगतो. चार वर्षांचा नर, मालक सॉफ्टवेअरमधले, शिस्तीचे. 'सिट' म्हटल्यावर कुत्रा टाळकन बसला. बक्षीस. पुन्हा 'सिट'. बसला, पण या वेळी डोळे मालकाच्या खिशावर. तिसऱ्या वेळी ढुंगण जमिनीपासून बोटभर वर ठेवून बसल्याचं नाटक केलं. चौथ्या वेळी आडवाच पडला. पाचव्या वेळी उठून गेला आणि कुणाची तरी चप्पल आणून मालकाच्या पायाशी टाकली. मालक म्हणाले, 'विसरला.' तो काहीच विसरला नव्हता. बसणं पहिल्या दोन वेळांतच झालेलं आहे, आता दुसरं काहीतरी करू या, असं त्यानं आपल्या परीनं सुचवलं होतं. मालकांनी तीच चप्पल लांब ठेवून 'आण' शिकवायला घेतलं, आणि पुढची दोन मिनिटं कुत्रा विजेसारखा चालला. दोनच मिनिटं. तिसऱ्या मिनिटाआधी थांबायचं, ही जॅक रसेलवाल्यानं पाळायची पहिली शिस्त.

ज्यानं आधी एक कुत्रा वाढवलेला आहे, ज्याला सकाळ-संध्याकाळ खरोखर वेळ आहे, त्याच्या हातात जॅक रसेल सोनं होतो. पहिलाच कुत्रा म्हणून, दिवसभर बंद फ्लॅटमध्ये ठेवायला, नको. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार जॅक आणि पार्सन दोघांतही आहे. त्याची डीएनए चाचणी होते. आईबापांची ती झाली आहे का, हे विचारा. ब्रीडर 'आमच्याकडे तसलं काही नसतं' म्हणाला तर उत्तर मिळालं असं समजा.

बाकीच्यांविषयी भराभर. केर्न आणि नॉर्फक, नॉरिच हे छोटे गडी आनंदी आणि चिवट, बॉर्डर मिळत नसेल तर यांचा विचार करावा. आयर्लंडचा सॉफ्ट कोटेड व्हीटन हा शेतावरचा हरकाम्या, माणसाला लळा लावणारा, पण त्याच्या रेशमी केसांची कोकणातल्या पावसाळ्यात गुंतून लोकरीची चटई होते. केरी ब्लू आणि आयरिश टेरियर हुशार, पण दुसऱ्या कुत्र्याची नजर सहन होत नाही. फॉक्स टेरियर पाहायला देखणा, टिनटिनचा स्नोई तोच. माझ्या मते मात्र सगळ्या टेरियरांत सर्वांत लवकर भडकणारा. वेस्टीचं अर्धं आयुष्य कातडीच्या ॲलर्जीत जातं. स्कॉटी स्वाभिमानी, त्याला पाळावं, त्याच्याकडून कवायत मागू नये. यॉर्कशर टेरियर आपल्याकडे सहज मिळतो आणि लोक त्याला पर्समध्ये घालून फिरवतात. तो मुळात गिरण्यांतल्या उंदरांवर सोडलेल्या कुत्र्यांचा वंशज आहे. खाली ठेवून शिकवलात तर चकित करील. तिबेटन टेरियर हा टेरियर नव्हेच, बॉस्टन टेरियरही फक्त नावापुरता.

बुल जातींचं थोडं वेगळं आहे. स्टॅफर्डशर बुल टेरियर माणसावर जीव टाकतो, खेळण्यासाठी काहीही करतो, आणि म्हणूनच चांगल्या हातात ओबिडियन्सला उत्तम निघतो. प्रश्न दुसऱ्या कुत्र्यांचा आहे, कारण त्याचे पूर्वज कुत्र्यांच्या झुंजींतले. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी घडवलेला बुल टेरियर विदूषक आहे, परीक्षेला बसवू नका. पांढऱ्या पिल्लांत बहिरेपणा जास्त आढळतो, तेव्हा श्रवणचाचणी झाल्याशिवाय घेऊ नका. कायद्याकडेही लक्ष असू द्या. मार्च 2024 मध्ये केंद्रानं पिटबुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशरसह तेवीस जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पुढच्याच महिन्यात रद्द ठरवलं, तरी काही महापालिकांचे आपापले नियम आहेत. कुत्रा घरी आणण्याआधी पालिकेत चौकशी करा, आणल्यावर परवाना काढा.

जातीइतकाच फरक शिकवण्याच्या पद्धतीनं पडतो, आणि टेरियरसाठी ती पद्धत ठरलेली आहे. पट्ट्याला हिसका देऊन शिकवायची जुनी लष्करी रीत इथे चालत नाही. हिसक्याला टेरियर एकतर हिसक्यानं उत्तर देतो किंवा काम सोडून देतो. त्याला हवा असतो पाठलाग. खाऊ हातातून देण्याऐवजी जमिनीवरून घरंगळत सोडा, की त्याच्यामागे धावताना त्याचे डोळे चमकतात. दोरीची रस्सीखेच, चूं चूं वाजणारं खेळणं, यांचं मोल त्याच्या लेखी चिकनहून जास्त. खेळण्याच्या बदल्यात 'सोड' शिकवा, आणि हे सगळ्यांत आधी शिकवा. कोकणात घर असेल किंवा शेतावर राहत असाल तर याला जिवाचा प्रश्न समजा. घोणस दिसली तर लॅब्रॅडॉर बहुधा मागे सरतो, टेरियर तिला उंदरासारखी धरून झटकायला जातो.

बुटक्या कुत्र्याला पायाशी चालवायला शिकवताना माणसाची कंबर मोडते. वाकलात की तुमचा खांदा झुकतो, कुत्रा बाजूला सरकतो, आणि चाल तिरकी होते ती कायमची. यावर साधा उपाय स्वयंपाकघरात आहे. लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या, टोकाला थोडं घट्ट दही लावा, आणि ताठ उभं राहून ते टोक तुमच्या डाव्या गुडघ्याच्या शिवणीशी धरा. कुत्रा तिथे चाटत चालतो. दोन पावलं, चाटणं. चार पावलं, चाटणं. आठवड्यानं चमचा वर उचला आणि चालणं थांबल्यावरच चाटू द्या. चप्पल घालून शिकवू नका, बूट घाला. एवढ्याशा कुत्र्याला तुमचा पाय हाच चेहरा असतो, आणि एकदा शेपटीवर पाय पडला की तो हातभर लांब राहायला शिकतो.

डंबेल आणताना टेरियर ते तोंडात धरून जोरात झटकतो. उंदराची मान मोडायची हीच रीत. परीक्षक त्याचे गुण कापतात. ओरडून उपयोग नाही. हलकं, तोंडाच्या मापाचं डंबेल घ्या, एक फुटावरून द्यायला लावा, झटकायला वेळच मिळणार नाही असं अंतर ठेवा, आणि मग हळूहळू वाढवा. वासावरून वस्तू ओळखणं मात्र त्याला शिकवावं लागत नाही, फक्त सांगावं लागतं. सराव उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरकावा. डांबरी रस्ता हाताला चटका देत असेल तर पंजालाही देतो.

रॅली ओबिडियन्स हा प्रकार टेरियरवाल्यांनी जरूर पाहावा. बड क्रेमर या अमेरिकन प्रशिक्षकानं तो काढला, अमेरिकन केनेल क्लब 2005 पासून त्याच्या पदव्या देतो. मैदानात क्रमांकाच्या पाट्या असतात, प्रत्येक पाटीवर वेगळं काम, आणि चालताना कुत्र्याशी बोलायला, त्याला चेव द्यायला मुभा असते. एकच कृती पुन्हा पुन्हा नाही, कंटाळा नाही. परदेशात असाल तर इथूनच सुरुवात करा. इथे असाल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुठ्ठ्याच्या दहा पाट्या मांडून घरच्या घरी खेळता येतं, मुलांनाही मजा येते.

आता घेण्याबद्दल. इंग्लंड-अमेरिकेत निवड भरपूर आहे. महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं पर्याय तीन-चारच: श्नाउझर, जॅक रसेल, यॉर्की, आणि बुल जाती. माझा कौल विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यानं मिनिएचर श्नाउझर घ्यावा, अनुभवी माणसानं जॅक रसेल. पग जाहिरातीत दिसला म्हणून घरोघर आणला गेला, पुढे त्या बिचाऱ्यांचे श्वास कसे अडले ते आपण पाहिलंय. टेरियरच्या बाबतीत जाहिरात नसली तरी रील्स आहेत. त्यांवर विश्वास ठेवू नका. घेण्याआधी त्या जातीच्या प्रौढ कुत्र्याबरोबर एक अख्खी संध्याकाळ काढा, तो दमल्यावर नव्हे, फिरायला जायच्या आधी.

पिल्लू आठ आठवड्यांआधी विकणं 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी. पिल्लं पाहायला गेलात की कागदाचा गोळा चुरगाळून लांब टाका. जे पिल्लू धावत जाऊन तो तोंडात घेतं आणि घेऊन तुमच्याच दिशेनं वळतं, ते ओबिडियन्सचं. घेऊन पलंगाखाली पळणारं चतुर आहे, पण तुमची सगळी तरुणाई खाईल. मग किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकणं चालेल, दचकून पुन्हा हुंगायला येणारं हवं. भावंडांवर सतत चढणारं आणि कोपरा न सोडणारं, दोन्ही टाळा. घरात आधीच एक टेरियर असेल तर दुसरा त्याच लिंगाचा आणू नका, विशेषतः दोन माद्या. त्यांचं भांडण एकदा लागलं की मिटत नाही.

शेवटी आईला पाहा. पिल्लाचा बाप लांबच्या गावचा असू शकतो, आई घरात असायलाच हवी. ती अनोळखी माणसाजवळ कशी येते, ताटलीतला तुकडा उचलताना तुमच्याकडे बघते का, पिल्लांना हात लावल्यावर काय करते, हे अर्धा तास बसून पाहिलंत तर कागदपत्रांपेक्षा जास्त कळेल. आईला दाखवायला ब्रीडर काचकूच करत असेल, 'ती बाहेर नेलीय', 'आज बरी नाही' असं सांगत असेल, तर विसार देऊ नका. चहा घ्या, आणि परत या.